नॅरोबोट घेऊन राहायचंय? पैसे देण्याआधी या चुका टाळा

लंडनची भाडी बघून आपल्यातले बरेच जण हल्ली नॅरोबोटीची, म्हणजे कॅनॉलवरच्या लांब अरुंद बोटीची, चौकशी करतात. साहजिकच आहे, ग्रँड युनियन कॅनॉल साउथॉल, हेज, मिल्टन कीन्सवरून जातो, स्लाऊपर्यंत तर त्याचा वेगळा फाटाच आलाय, येताजाता त्या रंगवलेल्या बोटी दिसतात आणि मग रात्री अपोलो डक या बोटविक्रीच्या साइटवर जाहिराती बघणं सुरू होतं. मी बोटीवरच राहते आणि मला हे राहणं मनापासून आवडतं, म्हणूनच कुणी घाईत भलतीच बोट घेऊन वर्षभरात वैतागून विकली की वाईट वाटतं. चौकशी सगळे करतात हो, पण उलट्या क्रमाने करतात. आधी किचन, मग बेड, मग सोलर, लोखंडाकडे शेवटी लक्ष जातं आणि बोट उभी कुठे करायची हा प्रश्न पैसे दिल्यावर पडतो.

बोट आधी, जागा नंतर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बोटीसोबत मूरिंग, म्हणजे ती बांधून ठेवायची जागा, आपोआप मिळत नाही. जाहिरातीत बोट छान मरीनात उभी दिसते पण ती जागा विकणाऱ्याच्या करारावर असते, बोट विकली की तो करार संपतो, तीच जागा तुम्हाला मिळेल असं मरीनाने स्वतः लेखी दिलं तरच खरं धरा. त्यात रेसिडेन्शियल मूरिंग वेगळं आणि लेजर मूरिंग वेगळं. लेजरच्या जागेवर कायम राहायची परवानगी नसते. "सगळेच राहतात हो, कोण विचारतंय" असं ऐकायला मिळेल, पण उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येणार, असं सांगणाऱ्याच्या नाही.

मग लोक म्हणतात मूरिंगच नको, फिरत राहू. त्याला कंटिन्युअस क्रूझिंग म्हणतात आणि त्याचा कायदा आहे, १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज ॲक्ट. एका ठिकाणी सलग १४ दिवसांच्या वर थांबायचं नाही, बऱ्याच गर्दीच्या जागी तर त्याहूनही कमी, आणि वर्षभर खरोखर प्रवास करत राहायचा. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कॅनॉल २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, त्यांचं म्हणणं असं की लायसन्सच्या काळात निदान २० मैलांचा पल्ला हवा, दोन पुलांमध्ये मागेपुढे केलेलं चालत नाही. एप्रिल २०२४ पासून मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर जादा आकार बसतोय. त्यामुळे बोट बघायच्या आधी नकाशा घेऊन बसा, ऑफिस कुठे, मुलांची शाळा कुठे, दर दोन आठवड्यांनी बोट हलवल्यावर स्टेशन किती लांब पडेल, हे एकेक जागा धरून बघा. हिवाळ्यात ट्रस्ट दुरुस्तीसाठी लॉक (बोट वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे) बंद ठेवतो, त्याची यादी आधीच जाहीर होते, तीही बघा, नाहीतर नोव्हेंबर ते मार्चमध्ये नको त्या बाजूला अडकाल. आणि थेम्सवर टेडिंग्टनच्या वरच्या भागात जायचं असेल तर तिथे एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं लायसन्स लागतं, ट्रस्टचं नुसतं चालत नाही.

लांबी-रुंदी नीट न बघणं

नॅरोबोट साधारण ६ फूट १० इंच रुंद असते कारण नॅरो कॅनॉलची लॉकच सात फुटांची. लांबी ७० फुटांपर्यंत मिळते, पण उत्तरेकडची काही लॉक आखूड आहेत त्यामुळे जवळजवळ सगळीकडे जायचं असेल तर ५७ फूट हा आकडा लक्षात ठेवा. जास्त जागा हवी म्हणून वाइडबीम, म्हणजे जास्त रुंद बोट, घेणारे ऑक्सफर्ड कॅनॉलच्या तोंडाशीच थांबतात, कारण ती आत शिरतच नाही. कायम एका मरीनात राहणार असाल तर मात्र वाइडबीम छान.

नवं किचन बघून लोखंड विसरणं

बोट म्हणजे मुळात पोलादी पेटी आहे आणि तिची जाडी हीच तिची किंमत. जाहिरातीत १०/६/४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तळ १० मिलिमीटर, बाजू ६, वरच्या केबिनच्या भिंती ४. हे बांधतानाचे आकडे झाले, आज किती उरलंय ते बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासॉनिक मीटरनेच कळतं. सर्व्हेअर हातोडीने ठोकत फिरतो, खड्डे शोधतो, ठिकठिकाणी काळा थर खरवडून जाडी मोजतो. अनेक इन्शुरन्सवाले ४ मिलिमीटरच्या खाली गेलेलं पोलाद नीट विम्यात घेत नाहीत, मग वरून नवीन पत्रा वेल्ड करा आणि त्याचा खर्च हजारोंत जातो. सर्व्हे आणि बोट उचलायचा खर्च काही शे पाउंड होतो, तो वाचवू नका. विकणाऱ्याने दाखवलेला जुना सर्व्हे वाचा जरूर पण त्यावर विसंबू नका, तो त्याने स्वतःसाठी करून घेतलेला असतो आणि त्यात काही चुकलं तर तुम्हाला कुणी उत्तर द्यायला बांधील नसतं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट आहे म्हणजे बोट चांगली, असं धरून चालतात. ते गॅस, वायरिंग, इंधन, आग यांच्या सुरक्षिततेचं असतं, चार वर्षं चालतं, तळाला भोक पडायला आलंय का हे त्यात कुणी बघत नाही.

ब्लॅकिंग, म्हणजे पोलादावरचा तो काळा संरक्षक थर, शेवटचं कधी केलं तेही विचारा, बिटुमेनचं (डांबरासारखं) असेल तर दर दोन-तीन वर्षांनी लागतं. बोट कायम मरीनाच्या विजेवर जोडलेली असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का ते बघा, तो नसला तर शेजारच्या बोटींशी जोडल्यासारखं होऊन तुमचे ॲनोड (पोलादाऐवजी झिजायला लावलेले धातूचे तुकडे) आणि मग पोलाद झपाट्याने खराब होतं.

बघायला जाऊन नुसतं बसून येणं

बोटीवर गेलात की आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी परत जा आणि थंड इंजिन सुरू होताना बघा. मग केबिनच्या मागच्या टोकाला जमिनीत छोटं झाकण असतं ते उघडायला सांगा आणि टॉर्च मारा. तिथे पाणी असेल तर ते कुठून आलंय हे शोधावं लागतं. सगळे नळ बंद करा, वॉटर पंप चालू ठेवा आणि दहा मिनिटं गप्प बसा. कुणी नळ सोडला नसताना पंप मधूनच टुर्रर्र करून थांबला तर कुठेतरी जॉइंट गळतोय. पंप शांत असेल तर शॉवरचा ट्रे, खिडक्यांच्या कडा आणि मागचा स्टर्न ग्लँड (प्रोपेलरचा दांडा बाहेर जातो तिथलं सील) असं एकेक बघत जायचं. वीड हॅचचं (प्रोपेलरला अडकलेला कचरा काढायच्या भोकाचं) झाकणही घट्ट बसतं का ते बघा, ते सैल राहून इंजिन चालू केलं की पाणी आत येतं आणि बोटी अशा बुडाल्यात.

बॅटऱ्यांची गंमत अशी की शोरलाइन (किनाऱ्यावरच्या विजेची केबल) लावलेली असताना सगळंच झकास चालतं. ती काढायला लावा, दिवे, फ्रीज चालू ठेवून काही तास जाऊ द्या. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि निवांत असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली, आणि तेवढ्यात ती तिथे पोचत असेल तर नव्या बॅटऱ्यांचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. आपल्या स्वयंपाकाचाही विचार करा, ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी जास्त ओढतो, छोट्या इन्व्हर्टरवर चटणीसुद्धा होत नाही. गॅस प्रोपेनचा घ्या, ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो आणि ऐन जानेवारीत शेगडी मंदावते.

कुकरच्या शिट्ट्या आणि ओले कपडे याने थंडीत भिंतींवर पाणी सुटतं. मग लोक छताच्या व्हेंटमध्ये कापड कोंबतात. हे अजिबात करू नका, कोळशाची शेगडी आत असते, हवा बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे, बोट ताब्यात आली की पहिल्याच रात्री बटण दाबून तपासा.

कागद आणि पत्ता

गाडीसारखं लॉगबुक बोटीला नसतं. ट्रस्टचं लायसन्स मालकीचा पुरावा नाही. जुन्या खरेदी-विक्रीच्या पावत्यांची साखळी मागा, बोटीवर कर्ज आहे का ते लेखी विचारा, आणि जून १९९८ नंतर बांधलेली असेल तर बिल्डरचं कन्फॉर्मिटीचं डिक्लरेशन मागा. ॲडव्हान्स देताना करारात "सर्व्हे समाधानकारक असल्यास" ही अट हवीच.

वर्क व्हिसावर असाल तर एचआरशी आधी बोला. स्पॉन्सर कंपनीला तुमचा चालू पत्ता नोंदवून ठेवावा लागतो, फिरत्या बोटीला पत्ता नसतो, तेव्हा काय लिहायचं हे त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. डॉक्टरकडे नाव नोंदवायला मात्र पत्त्याचा पुरावा लागत नाही, रिसेप्शनवर नाही म्हणाले तर एनएचएसचा हा नियम शांतपणे दाखवा.