उजव्या टाचेखालचे नऊ मिलिमीटर

राजवाड्याजवळचा आमचा शिंपी पँटचा उजवा पाय दरवेळी थोडा आखूड करावा लागतो असे म्हणे आणि मी ते हसण्यावारी नेत असे. पुढे कंबर दुखू लागली तेव्हा त्याचे म्हणणे आठवले. पहिल्या दवाखान्यात निजवून, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत फीत धरून दोन पायांच्या लांबीत २५ मिमी फरक काढला गेला, उजवा पाय आखूड ठरला आणि तेवढी उंच टाच उजव्या बुटात घालताच दुखणे वाढले. कंबर जराशी तिरकी असली किंवा गुडघा वाकलेला राहिला, तरी फीत फसते, हे नंतर समजले.

दुसऱ्या डॉक्टरांनी उभे करून उजव्या पावलाखाली लाकडी फळ्या एकेक करून सरकवल्या. कमरेची दोन्ही हाडे समपातळीत आली तेव्हा फळ्यांची उंची भरली १२ मिमी, आणि उभ्याने काढलेल्या लांब एक्स-रेतही तेच दिसले. वीस मिमीच्या आतल्या फरकाला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. प्रथम ६ मिमी, काही आठवड्यांनी ९ मिमी टाच घातली आणि कंबर निवली. पूर्ण १२ची गरजच पडली नाही. घरात मात्र अनवाणी वावरल्याने लाभ निम्माच होई, म्हणून मोच्याकडून घरच्या उजव्या चपलेलाही तेवढाच थर लावून घेतला.