सहकार्याची उत्क्रांती शिकताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस झाला की मी बारावीची पोरं घेऊन अंबाजोगाईजवळच्या एका धुऱ्यावर बसतो. एका वर्षी बाभळीवर सातभाईंचा थवा होता. मधल्या फांदीवर एक पिल्लू पंख थरथरवत ओरडत होतं आणि तिघे-चौघे आळीपाळीने त्याच्या चोचीत अळ्या कोंबत होते. पिल्लू आकाराने त्यांच्याहून मोठं, छातीवर तपकिरी ठिपके. पावशाचं होतं ते, म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याचं. वर्गातल्या हुशार मुलाने वहीत लिहिलं, ‘सातभाई परोपकारी असल्याने परक्याचं लेकरूही सांभाळतात.’

हे उत्तर मी दरवर्षी वाचतो, म्हणून सविस्तर सांगतो. खर्च सातभाईंचा, फायदा पावशाचा आणि नातं काहीच नाही. ही फसवणूक आहे. ‘आपल्या घरट्यात जो चोच उघडेल त्याला भरव’ ही सवय सातभाईंत टिकली, कारण एरवी त्या चोची आपल्याच भावंडांच्या असतात. सख्ख्या भावंडाशी नातं, म्हणजे सामाईक जनुकांचा वाटा, १/२, स्वतःच्या पिल्लाशीही १/२. स्वतःचं घरटं थाटायला जागा नसेल, तर आईबापाला हातभार लावणं तोट्याचं नाही. पावशा त्याच सवयीवर जगतो.

याच चुकीचं मोठं भावंड म्हणजे ‘प्राणी आपल्या प्रजातीच्या भल्यासाठी झटतात’ हे उत्तर. जीवशास्त्रज्ञ विन-एडवर्ड्स यांनी १९६२ मध्ये असाच विचार मांडला होता आणि १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी तो खोडून काढला. थव्यात एकच कामचुकार जन्मला, त्याची वाचलेली ताकद त्याच्या पिल्लांना मिळाली आणि तो गुण पिल्लांतही उतरला, तर काही पिढ्यांनी थव्यात कोण उरेल? हा प्रश्न स्वतःला न विचारता लिहिलेलं उत्तर मी तपासतच नाही. आधी वहीत तीन रकाने आखायचे: खर्च कुणाचा, फायदा कुणाला, नातं किती. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांचं १९६४ चं सूत्र एवढंच सांगतं: नात्याने गुणलेला फायदा खर्चापेक्षा जास्त हवा.

दुसरी चूक घाईची. शिकवणीत ‘मधमाशी म्हणजे ३/४’ असं पाठ करवून घेतात आणि पोरं खूश होतात. मला या पाठांतराचा मनापासून राग आहे. नर फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे सख्ख्या बहिणींचं नातं ३/४ भरतं, हे खरं. पण भावाशी ते १/४ च असतं, हे कुणी सांगत नाही. राणी अनेक नरांशी मीलन करते, म्हणून पोळ्यातल्या बऱ्याच बहिणी सावत्र निघतात. वाळवीत तर नर असा फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतच नाही, तरी तिच्यात कामकरी आणि सैनिक असतात.

बंगळूरुला जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर कित्येक वर्षं काम केलं. तिच्या घरट्यातलं नातं ३/४ च्या बरंच खाली येतं, तरी बहुतेक माद्या दुसरीचीच पिल्लं वाढवतात. कारण फायद्या-खर्चाच्या रकान्यात आहे. एकटीने घरटं बांधलं आणि पिल्लं मोठी होण्याआधी ती मेली, तर सगळं वाया. सामाईक घरट्यात ती मेली तरी तिने अर्धवट वाढवलेली पिल्लं बाकीच्या वाढवतात. नुसतं नातं मोजून थांबणाऱ्याला हे दिसतच नाही.

किरकोळ चुका: म्हशीमागे किडे टिपत फिरणारा बगळा परोपकारी नाही आणि म्हैसही नाही. उंबर आणि त्यातली चिलटाएवढी माशी दोघंही फायद्यात असतात, तो त्याग नव्हे. आणि मुंगी हिशेब ‘करते’ असं लिहू नका, हिशेब नैसर्गिक निवडीत होतो.

परतफेडीचं सहकार्य म्हणजे जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्स यांचा १९७१ चा विचार. ते समजायला सावड पुरते: आज मी तुझ्या रानात, परवा तू माझ्या. न फेडणाऱ्याला पुढच्या पेरणीला कुणी बोलवत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा गाठ पडायला हवी आणि कोण कसं वागलं ते लक्षात राहायला हवं. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला दिलेलं पाणी इथे बसत नाही, ते वेगळ्या पानावर लिहा.