राज्याचा कायदा विधानमंडळाच्या अधिकारात बसतो का, हे कसे तपासावे?

राज्याच्या एखाद्या कायद्याविषयी शंका आली, तर त्याच्या नावावरून किंवा सभागृहातील भाषणांवरून मत बनवू नये. राजपत्रातील मूळ अधिनियम घेऊन प्रत्येक कलम कशाला मनाई करते, कोणावर कर बसवते आणि कोणाच्या हाती कोणते अधिकार देते, हे आधी वाचून काढावे. मग संविधानाचा अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची उघडून तो विषय संघ, राज्य की समवर्ती (संसद आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांच्या) सूचीत येतो, हे पाहावे. प्रत अद्ययावत हवी, कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेले. तिन्ही सूचींत विषय सापडला नाही, तर अनुच्छेद २४८ नुसार तो संसदेचा.

विषय दोन सूचींना स्पर्श करतो तेव्हा काम अवघड होते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात संभाषणे चोरून ऐकण्यासंबंधी कलमे आहेत आणि दूरध्वनी हा संघ सूचीतील विषय आहे, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००८ मध्ये ती वैध ठरवली, कारण कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारीला आळा घालणे हा होता आणि दूरध्वनीशी त्याचा संबंध आनुषंगिक होता. मुंबईच्या दारूबंदी कायद्यालाही १९५१ मध्ये हीच कसोटी लावली गेली होती. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा, कारण आपल्या सूचीत राज्याची सत्ता संसदेने दिलेली नसून थेट संविधानाने दिलेली आहे, आणि नुसत्या स्पर्शावरून ती नाकारणे संघराज्याला मारक आहे.

विषय समवर्ती सूचीतला असेल, तर अनुच्छेद २५४ लावावा. केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल तेथे केंद्रीय कायदा टिकतो. राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यास त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. अनुमती आहे एवढ्यावर मात्र थांबू नये. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये गव्हर्नर जनरलच्या अनुमतीने अत्यावश्यक पुरवठ्याच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढवली होती, परंतु केंद्राने १९५० मध्ये त्याच विषयावर नवी तरतूद केल्यामुळे ती निष्प्रभ झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ठरवले. म्हणून राज्याच्या कायद्यानंतर झालेल्या केंद्रीय दुरुस्त्याही शोधाव्यात.

याखेरीज कायदा झाला त्या दिवशीचे संविधान पाहावे. २०१८ च्या मराठा आरक्षण कायद्यावर ५ मे २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे मानले की, १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला नव्हता. तो त्याच वर्षी १०५ व्या घटनादुरुस्तीने परत मिळाला. त्या निकालात आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याचा दोष स्वतंत्रपणे धरला गेला, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न सुटल्यावरही मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्य ठरवणारा अनुच्छेद १३ आणि ते हक्क तपासावेच लागतात.