आधी दोन दिवस आपण पाकिटं भरायची

बडोद्यातल्या दिव्यांग मुलांच्या एका विशेष शाळेत मी प्रीव्होकेशनलचा, म्हणजे नोकरी-कामाच्या पूर्वतयारीचा वर्ग घेते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका हमखास विचारतात, "ताई, आपल्या मुलांना कामाच्या जागी उभं करतं कोण?"

मीही आधी मोठ्या दारांवरच गेले. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची फाइलच उघडून बसले. चहा मिळाला, 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत.

जागा मिळाली दांडिया बाजारात, आठ माणसांच्या छापखान्यात. समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना कामावर काय सोयी देणार हे, प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं असतं; पण दिव्यांगांसाठीच्या पदांच्या यादीसकट सविस्तर धोरण २० किंवा अधिक कर्मचारी असतील तरच लागतं. म्हणजे इथे कायद्याचा धाक नावालाच. मालकांनी एकच विचारलं, "बेन, छोकराने कंई थई जाय तो?" (मुलाला काही झालं तर?) प्रत्येक मालकाच्या पोटात हाच प्रश्न असतो, म्हणून उत्तर लिहूनच न्यावं: पहिला महिना आमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसेल, कटिंग मशीनकडे मुलगा फिरकणार नाही, वेळ दोनच तास, फोन कोणाला करायचा, पालकांचं संमतिपत्र, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत. आमचा विद्यार्थी १८ पूर्ण होता. १४ च्या आतल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही आणि १८ पर्यंत धोक्याचं काम देता येत नाही, हे आधी बघा.

मुलाला नेण्याआधी मी स्वतः दोन दिवस लग्नपत्रिका पाकिटात भरत बसले. तेव्हा कळलं, घडी-बिडी त्याला जमेल, अडेल ते २५ चा गठ्ठा मोजताना. मग पुठ्ठ्यावर २५ चौकोन आखले. चौकोनावर एकेक पाकीट ठेवायचं, पुठ्ठा भरला की रबर लावायचं. मोजणीच संपली. (पुढे तिथले जुने कारागीरही तोच पुठ्ठा वापरू लागले!)

काम तिसऱ्या दिवशी जमलं. बिघडलं ते जेवणाच्या सुट्टीत. त्या अर्ध्या तासात काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने दुसऱ्याचा डबा उघडला. मग सुट्टीचीही चित्रं काढून दिली: हात धुणं, आपला डबा, ओट्यावर बसणं.

पैशाचं मात्र मी बोललेच नाही, संकोच वाटला. तीन महिन्यांनी तो इतरांच्या बरोबरीने गठ्ठे बांधत होता आणि पैशाचा विषय शेवटी त्याच्या आईनेच काढला. फार ओशाळले. आता पहिल्याच पत्रात लिहिते: सहा आठवडे शिकणं, पुढे गठ्ठ्यामागे ठरलेले पैसे, तेही त्याच्या हातात.