बारशाआधी नाव चार तोंडांतून काढून बघा

औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी २२ वर्षं हजेरी घेतेय. एका जूनमध्ये पहिलीच्या नव्या कॅटलॉगमध्ये ‘चार्वी’ असं नाव होतं. मी चाफ्यातला च लावून पुकारलं. कुणी हजर म्हणालं नाही. पुन्हा पुकारलं, तरी नाही. गैरहजेरी मांडून पुढे गेले. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतून एक बारकी पोर माझ्याकडं आली, ताट छातीशी धरलेलं. म्हणाली, “मॅडम, माझं नाव नाही का तुमच्यात?” नाव विचारलं तर ती म्हणाली चार्वी, पण चिमणीतला च लावून. घरी तिनं तेवढंच ऐकलं होतं. अर्धा दिवस ते लेकरू आपण या शाळेचं नाहीच असं समजून बसून होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून भावाला मुलगी झाली आणि “तायडे, तू आत्या, नाव तुलाच ठेवायचंय, पण वेगळं पाहिजे” असा फोन आला, तेव्हा मी आधी वही घेऊन बसले. वेगळं नाव ठेवायला माझी अजिबात हरकत नाही. एका वर्गात तीन आराध्या आणि दोन श्लोक असले की लेकरांना आडनावानं हाक मारावी लागते, ते काही बरं वाटत नाही. पण ज्या नावाचे दोन उच्चार होतात ते निवडताना थोडं काम करावं लागतं. ते काम बारशाआधीचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नाव दोन वाटांनी फिरतं. बारशात आत्या कानात कुर्र करून सांगते, ती कानाची वाट. तिथून ते आजीच्या, शेजारणीच्या तोंडी जातं. दुसरी वाट डोळ्याची: दवाखान्याचा कागद, अंगणवाडीचं रजिस्टर, शाळा, बँक. तिथं नाव आधी वाचलं जातं आणि मग उच्चारलं जातं. आपण घरात फक्त कानाची वाट तपासतो. दोन्ही तपासा. ऐकून लिहिलं तर बरोबर लिहिलं जातं का, आणि लिहिलेलं वाचलं तर बरोबर उच्चारलं जातं का?

मराठीत सगळ्यात जास्त फसवतात ती अक्षरं च, ज आणि झ. लिहायला एकच, बोलायला दोन. ‘जरा थांब’मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला वेगळा. ‘चार भाकरी’मधला च वेगळा आणि ‘म्हशीला चार’ म्हणतानाचा वेगळा. त्यातल्या त्यात ओळखायची खूण अशी की पुढं इ, ई किंवा य आला तर गोंधळ होत नाही. चिन्मयी, ज्योती ही नावं कुणीही वाचो, एकच उच्चार निघतो. गोंधळ होतो तो अ, आ, उ, ऊ, ओ पुढं आले की. संस्कृतातून जशीच्या तशी आलेली चंद्रिका, जयंती ही चिमणीतल्या च-ज च्या घरातली. जाई, जुई, चाफा ही आपल्या परसातली, त्यांचा उच्चार दाताजवळ. जुनं, ओळखीचं नाव असलं तर लोकांना हे सवयीनं कळतं. नवं, कधी न ऐकलेलं नाव दिसलं की वाचणारा अंदाजानं एक बाजू धरतो. मीही तेच केलं होतं.

पंचांगातल्या अक्षरानं यात भर पडते. रेवती नक्षत्राला ‘चा, ची’ निघतं, उत्तराषाढाला ‘जा, जी’, आणि उत्तराभाद्रपदाच्या चौथ्या चरणाला तर ‘ञ’. आईबाप बिचारे मोबाईलवर यादी काढून बसतात. माझं म्हणणं असं की दोन अक्षरं निघत असतील तर ‘ची’, ‘जी’ धरा. आणि ञ निघाला तर राशीचं नाव पाळण्यापुरतं ठेवून व्यवहाराला दुसरं घ्या. आपल्याकडं ही पद्धत जुनीच आहे, त्यात काही पाप नाही.

ऋ आणि ज्ञ यांचं दुखणं वेगळं आहे. आपल्या गावात त्यांचा उच्चार एकच होतो, पण जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर बदलतो. आपण ऋतुजाला रुतुजा म्हणतो, हिंदीवाला रितुजा म्हणतो. आपली प्रज्ञा त्यांच्याकडं प्रग्या होते. भावाच्या यादीत पहिलं नाव ‘ऋजू’ होतं. अर्थ सुंदर आहे, सरळ मनाची. मी ते मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. माय म्हणाली, “रुजू? कुठं नोकरीवर रुजू व्हायलीय ती?” ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच तेच ऐकू आलं. नाव खोडलं.

यादीत शेवटी भावानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘तेरणा’. आमचं आजोळ तेरणा नदीच्या काठाला. लहानपणी दोघं मामाच्या बैलगाडीत बसून त्या पात्रातून गेलोय. मला ते वाचताक्षणी आवडलं, आणि म्हणूनच मी ते जास्त कडकपणे तपासलं.

तपासायची रीत सांगते, ती कुणालाही करता येईल. कोऱ्या कागदावर फक्त नाव लिहा, अर्थ सांगू नका, आणि माणसांना वाचायला द्या. घरातली सगळ्यात म्हातारी बाई, शाळेतलं एखादं चौथीचं लेकरू, हिंदी बोलणारं कुणी, आणि आपल्याकडं तर तेलुगू किंवा कानडी बोलणारंही कुणी. लातूर, उदगीर, नांदेडकडची माणसं दवाखान्याला आणि नोकरीला हैदराबादला जातात, त्यामुळं तिकडचं तोंडही तपासायलाच हवं. वाचणाऱ्याला मध्येच सुधारू नका. ऐका आणि लिहून ठेवा.

मायला वाचता येत नाही, म्हणून तिला कानानं दिलं. ती ‘तेरना’ म्हणाली, ण तिच्या तोंडात न होतो. ती पाणीसुद्धा पानीच म्हणते, त्याचं काही वाटलं नाही. चौथीच्या पोरानं बिनचूक वाचलं. हिंदी बोलणारा एक टाइल्सचा मिस्त्री गावात कामाला होता, त्यानं ऐकून विचारलं, “तैरना? मतलब स्विमिंग?” हैदराबादला असलेल्या भावाच्या मित्राला इंग्रजी अक्षरांत पाठवलं, टी-ई-आर-एन-ए. त्यानं ‘टर्ना’ वाचलं.

चारांत दोन चुकले. पण चूक कसली आहे ते बघावं लागतं. ऐकून हसू येणारी, शिवीसारखी वाटणारी, किंवा लेकराला आपलंच नाव ओळखू न येणारी चूक असेल तर नाव सोडून द्या, कितीही आवडलेलं असो. नुसता परका उच्चार असेल आणि एकदा सांगितल्यावर सुधारत असेल तर ठेवा. हैदराबादच्या मित्राला फोनवर एकदा ‘तेरणा’ म्हणून दाखवलं, दुसऱ्या वेळेला त्यानं बरोबर म्हटलं. ‘ऋजू’ मायला तीनदा सांगूनही ‘रुजू’च राहिलं. मला त्यातून उत्तर मिळालं.

इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवून टाका, दवाखान्यातल्या ऑपरेटरवर सोडू नका. इंग्रजीत आर-ए-एम-ए लिहिलं तर रमा, रामा, राम यातलं काहीही वाचता येतं. त्यात दक्षिणेत त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे. आमच्यात तिथंच दोन दिवस वाद झाला. टी-एच-ई लिहिलं तर इकडचा माणूस ‘थे’ वाचणार. मध्ये ए घातला तर ‘तेराना’ होणार. शेवटी नकाशावर नदीचं जे स्पेलिंग आहे तेच घेतलं. कुणी विचारलं तर दाखवायला आधार राहतो.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता लेकराचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. मला हे फार चांगलं वाटतं. पण त्यामुळं लेकराच्या नावाचा शेवट थेट आईच्या नावाला जाऊन भिडतो. आमची वहिनी अर्चना. ‘तेरणा अर्चना’ घाईत म्हटलं की ‘तेरणार्चना’ ऐकू येतं. मी दहा वेळा म्हणून बघितलं, थांबून म्हटलं तर जमतं. मुलीचं नाव ‘सई’ आणि आईचं ‘इंदू’ असलं तर मात्र जास्त त्रास होईल. पूर्ण नाव एका दमात मोठ्यानं म्हणा.

नाव ठरलं की त्याला एक खूण जोडा, दोन शब्दांची. ‘चिमणीतला च.’ ‘नदीची तेरणा.’ घरातल्या प्रत्येकानं तीच खूण सांगायची, आणि लेकरू बोलायला लागलं की त्यालाही शिकवायची. नव्या बाईंसमोर चुकीचं नाव निमूट ऐकून घेणारी लेकरं मी फार बघितलीत. खूण माहीत असलेलं लेकरू उभं राहून सांगतं.

कागदाचं म्हणाल तर जन्माची नोंद २१ दिवसांत करा, पण नावाची घाई करू नका. नोंद बिननावाचीही होते आणि १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. पण एकदा घातलं की ते दगडावरची रेघ समजा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, सगळीकडं जन्मदाखलाच लागतो. कागदावरचं नाव पुढं कोण कसं वाचेल ते आपल्या हातात राहत नाही. आमच्या आजोबांचं नाव निवृत्ती. निजामाच्या काळातला त्यांचा एक उर्दू कागद आहे. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि व, ऊ, ओ यांना एकच अक्षर. वाचून देणाऱ्यानं आधी ‘नूरती’ वाचलं. बाबा म्हणाले, ही कोण बाई?

म्हणून खिडकीवर दाखला हातात आला की घरी येऊन बघू म्हणू नका. तिथंच उभं राहून, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचा. भावानं वाचलं. ‘तेरना’ छापलं होतं. त्यानं तिथंच ण करून घेतला, दुसरी प्रत काढून घेतली आणि मगच मला घुगऱ्या भिजत घालायला सांगितलं.