वाढ झकास, झोन मात्र नाही? स्ट्रेप्टोमायसिसच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

नांदेड, परभणी, लातूर, कुठलंही कॉलेज घ्या. बांधावरच्या काळ्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे प्रतिजैविकं बनवणारा जीवाणू, सहज मिळतो. फ्लास्कमध्ये गोळेच्या गोळे वाढतात, पण स्टॅफिलोकोकस या रोगजंतूच्या प्लेटवर झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, काही पडत नाही. मग सगळे म्हणतात, स्ट्रेन वाया गेला. माझा संशय आधी मीडियमवर, म्हणजे त्याला वाढायला दिलेल्या खाद्यावर, जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जीवाणू वेगळा काढायला वापरलेलं मीडियमच प्रतिजैविकाच्या उत्पादनालाही वापरणं. वेगळा काढायच्या स्टार्च केसीन अगारच्या नेहमीच्या कृतीत लिटरला 2 ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट असतं, म्हणजे सुमारे 11.5 मिलिमोलर. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या प्रजातीच्या प्रयोगांत 5 मिलिमोलरला भरपूर म्हणतात आणि 1 मिलिमोलरला टंचाई! फॉस्फेटची चंगळ असली की पेशी एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, वाढीवर उधळते. टंचाईत एटीपी घटतं, श्वसन जोर धरतं आणि ॲक्टिनोऱ्होडिन हे निळं प्रतिजैविक तयार होऊ लागतं. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्सकडे तीच जनुकं आहेत, पण तो कार्बन चरबीत साठवतो आणि सहसा निळा होत नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्याचं पॉलिफॉस्फेट कायनेजचं (फॉस्फेटच्या साखळ्या जोडणाऱ्या विकराचं) जनुक बंद केल्यावर, फॉस्फेट कमी असताना, तोही ॲक्टिनोऱ्होडिन बनवू लागला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत फॉस्फेट कॅल्शियमला अडकून बसतं, डीएपी टाकूनही पिकाला पुरं पडत नाही. तिथल्या जीवाला 11.5 मिलिमोलर म्हणजे रोजची पंगतच.

तेव्हा उत्पादनाच्या ब्रॉथमध्ये (पातळ मीडियममध्ये) डायपोटॅशियम फॉस्फेट लिटरला 0.17 ग्रॅमपासून, म्हणजे 1 मिलिमोलरपासून, सुरुवात करा आणि शेजारी 5 मिलिमोलरचा फ्लास्क ठेवा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधूनही फॉस्फेट येतं, ते विसरू नका. फॉस्फेट कमी केलं की पीएच स्थिर ठेवणारा बफरही जातो. मॉप्स हा दुसरा बफर घाला, नाहीतर पीएच घसरेल आणि निळा रंग तांबडा दिसून तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. प्रत्येक स्ट्रेन या नियमाने वागेलच असं नाही, म्हणून तर दोन फ्लास्क.

ग्लुकोजचंही तसंच: जास्त झालं तर उत्पादन दबतं. स्टार्च किंवा ग्लिसरॉल वापरून पाहा.

250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिलीपेक्षा जास्त ब्रॉथ भरू नका, याला ऑक्सिजन लागतोच. लोडशेडिंगमध्ये शेकर थांबला तर वहीत वेळ लिहा. मे महिन्यात साधा इन्क्युबेटर 28 अंशांवर येत नाही, तो फक्त तापवतो. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर मागून घ्या.

आणि झोन दिसलाच, तर जीवाणू न घातलेल्या त्याच ब्रॉथची विहीर (अगारमध्ये पाडलेलं भोक) तुलनेसाठी शेजारी हवी. इथिल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढला असेल तर नुसत्या इथिल ॲसिटेटचीही.