कॉन्व्हेंट शाळेतला पहिला एप्रिल: नवीन टीचर्ससाठी

ठाण्यातल्या एका कॅथलिक शाळेत, इंग्लिश मीडियम, एसएससी बोर्ड, मी जून 2024 ला मराठी शिकवायला लागले. बीएड झालेलं, आधी क्लासमध्ये शिकवलेलं, त्यामुळे वर्गात उभं राहायची भीती नव्हती, पण शाळेत वर्ष बंद कसं करतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता नव्या जॉइन झालेल्या मुली मला तेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

पहिलं म्हणजे एप्रिल हलका असतो हा समज काढून टाका. 2025 ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर 8 ते 25 एप्रिल ठरल्या, निकाल 1 मे ला. त्यात आपल्या शाळेत होली वीक, म्हणजे ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा असतो, 18 ला गुड फ्रायडे, 20 ला ईस्टर, म्हणजे सुट्ट्या मधेच येतात आणि पेपर घरी तपासायला मिळतात असं वाटतं, पण कॅथलिक टीचर्स त्या दिवसांत चर्चमध्ये असतात, त्यांना फोन करून मार्क विचारू नका प्लीज. उलट आपण त्यांच्या वाटचं सुपरव्हिजन मागून घ्यावं, दिवाळीत तेच आपल्याला सांभाळून घेतात. त्याच ईस्टर मंडेला, 21 तारखेला, दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आधी प्रार्थनेला सिस्टर दोनच वाक्यं बोलल्या आणि आठशे मुलं गप्प उभी राहिली, मी हिंदू घरातली, पण मलाही भरून आलं.

आता निकालाचं काम. नववीला दोन्ही सत्रांचे मार्क एकत्र धरतात, 80 लेखी आणि 20 अंतर्गत, पास व्हायला 35. पाचवी आणि आठवीला आता सरसकट वर ढकलता येत नाही, वार्षिक परीक्षेत नापास झालं तर पुन्हा संधी द्यायची आणि तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. हे पालकांना एप्रिलमध्ये सांगून उपयोग नाही, डिसेंबरच्या ओपन डेलाच सांगा.

माझ्याकडून पहिल्याच वर्षी मोठी चूक झाली. एक मुलगी गैरहजर होती, मी तिची ओळ रिकामी न सोडता पुढचे मार्क लिहीत गेले, म्हणजे तिथून खाली प्रत्येकाला दुसऱ्याचे मार्क. एका सीनियर टीचरनी निकालपत्रक बघताना पकडलं, कारण एका अगदी कच्च्या मुलाला 20 पैकी 19 दिसले. त्या मला काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या, म्हणाल्या तू वाच, मी टिक करते. तेव्हापासून मी एकटीने मार्क कधीच चढवत नाही, दोघी बसायचं, एकीने रोल नंबर नाव मार्क मोठ्याने वाचायचं, दुसरीने बघायचं, आणि गोषवारा त्यानंतरच. वेळ जातो पण मुलाचं वर्ष असतं हो ते.

दहावीचा वर्ग तुमच्याकडे नसला तरी त्यांचे प्रश्न येतातच. 2025 ला बोर्डाचा निकाल 13 मे ला लागला आणि अकरावीचे ॲडमिशन पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले, फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा कॉलेजं. अल्पसंख्याक कोटा (कॉलेज ज्या अल्पसंख्याक समाजाचं, त्या समाजाच्या मुलांसाठी) आणि इनहाउस कोटा (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) वेगवेगळे आहेत, पालक दोन्ही एकच समजतात. आणि एलसीवरचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख मुलांकडून नववीतच तपासून घ्या.

मुद्दा आता जूनचा. 2025 ला शाळा 16 जूनला उघडली, पण टाइमटेबल, वर्गशिक्षक कोण, वार्षिक नियोजन हे सगळं मे उजाडायच्या आत ठरलेलं असतं, तेव्हा काही मागायचं असेल तर एप्रिलच्या मीटिंगमध्येच मागा. मी मागितलं ते असं. आमच्याकडे कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला, तो तास आपल्याला मिळाला तर घ्या, फार सुंदर तास असतो. पण मला मराठीसाठी काहीतरी हवं होतं. वर्षभर मी धरून चालले होते की आडनाव परेरा, डिसोझा म्हणजे घरी इंग्लिश, आणि फेब्रुवारीत एका मुलाची आजी शाळेत आली तर ती माझ्याशी घडाघडा मराठीत बोलली, त्यांच्या इस्ट इंडियन बोलीत, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलीत. ठाण्यातल्या किती ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे, आणि मी त्या पोरांना परभाषा शिकवल्यासारखं शिकवत होते! म्हणून पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये मी महिन्यातून एक तास मागितला, घरच्या बोलीतली गोष्ट, म्हण, लग्नाचं गाणं वर्गात सांगायचं, मग ती आगरी असो, कोळी असो, इस्ट इंडियन असो. सिस्टर म्हणाल्या, "टाचणात लिहून दे, मग बघू." टाचण म्हणजे आपली पाठाच्या तयारीची वही. लिहून दिलं, तास मिळाला. तोंडी सूचना एप्रिलच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून टाचणात लिहा.

शेवटचं काम कोणी सांगत नाही पण करा. प्रगतिपुस्तकं वाटून झाली की वही बंद करू नका, आपल्या वर्गातल्या ज्या मुलांची काळजी वाटते त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी पुढच्या वर्गशिक्षकाला लिहून द्या. मार्क नको, ते त्यांच्याकडे असतातच. ऐकायला कमी येतं पण सांगत नाही, बाबा गेल्यावर बोलायची थांबली, डबा आणत नाही, असं. ज्या मुलाची आजी आली होती त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं की वाचताना अडखळतो पण गोष्ट सांगायला उभा केला तर थांबत नाही. जुलैमध्ये त्याच्या नव्या टीचर स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझा तो मुलगा, आज त्याने अर्धा तास घेतला."